शब्दचर्चा : ‘एन्हान्स्ड इंटरॉगेशन’साठी मराठीत काय लिहावे?

अनुवादिनी : एका दिवाळी अंकासाठी २००१ नंतर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी युद्धाच्या नावाखाली वाढवत नेलेल्या अधिकारांवरील लेखाचे भाषांतर करीत आहे. ‘एन्हान्स्ड इंटरॉगेशन’ला मी सरळ ‘छळ’ लिहिले होते. संपादकांनी ते खोडून सर्वत्र ‘कसून चौकशी’ केले. कसून चौकशी तर पतपेढीतल्या अपहारात कारकुनाचीही होते. १ ऑगस्ट २००२ रोजी न्याय खात्याने सीआयएला ज्या दहा प्रकारांची मुभा दिली, त्यांत भिंतीवर आदळणे, अरुंद पेटीत कोंडणे, दिवसच्या दिवस झोपू न देणे आणि फळीवर बांधून, तोंडावर टाकलेल्या कापडावर पाणी ओतून बुडाल्याचा अनुभव देणे, हे सारे होते. संपादकांचे म्हणणे असे की मूळ शब्दच जाणूनबुजून सौम्य केलेला असल्यामुळे मराठीतही तो सौम्यच हवा, भाषांतरकाराने निवाडा देऊ नये. आपले मत काय?

जुना वकील : संपादकांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, पण मला ‘छळ’ही पटत नाही, कारण वर्तमानपत्रांनी ‘विवाहितेचा छळ’ आणि ‘मानसिक छळ’ इतका वापरला आहे की त्याची व्याप्ती कोणत्याही जाचापर्यंत पसरली आहे. १९८४च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात ‘टॉर्चर’ आणि ‘क्रूर, अमानुष अथवा मानहानिकारक वागणूक’ या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि न्याय खात्यातील वकील जॉन यू यांनी लिहिलेले व त्यांचे वरिष्ठ जे बायबी यांनी सही केलेले त्याच तारखेचे दुसरे टिपण नेमके या दोहोंमधल्या फटीत वावरते. एखादा अवयव निकामी होताना किंवा मृत्यू येताना होते तितक्या तीव्रतेची वेदना असेल, तरच ते शारीरिक ‘टॉर्चर’, अशी व्याख्या त्यात केली होती. म्हणून वरच्या पायरीसाठी ‘यातना’ आणि खालच्या पायरीसाठी ‘छळ’ राखून ठेवावा. ‘कसून चौकशी’ मात्र या दोन्ही पायऱ्या झाकून टाकते.

शुद्धमती : शब्द शोधायचाच तर आपल्या भाषेतला शोधावा. ‘तीव्र परिप्रश्न’ का नको?

जुना वकील : गीतेत परिप्रश्नाच्या अलीकडे प्रणिपात आहे आणि पलीकडे सेवा आहे. ग्वांतानामोच्या अमेरिकी बंदिवासात यांपैकी कोण कोणाची सेवा करीत होते, ते शुद्धमतींनीच सांगावे.

राइनकाठ : मी जर्मनीत राहतो, म्हणून एक भर घालतो. गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, कागदपत्रांत ‘फेर्शेर्फ्टे फेर्नेमुंग’ असा शब्द होता आणि त्याचा शब्दशः अर्थ ‘धार वाढवलेली चौकशी’ असाच होतो. आज तो उच्चारला की कोणाही जर्मन माणसाला तो सौम्य वाटत नाही. त्यामुळे भाषांतर सौम्य ठेवले, तरी वापराने ते फार काळ सौम्य राहत नाही.

बखरवाचक : राइनकाठ यांच्या मुद्द्याला मराठीतच पुरावा आहे. ‘हाल’ हा अरबी शब्द मुळात केवळ ‘स्थिती’ या अर्थाचा आहे आणि ‘हालहवाल’मध्ये तो अर्थ अजून शिल्लक आहे, पण १६८९ साली संभाजीमहाराजांचे झाले ते ‘हाल’ म्हटल्यावर कोणी स्थिती विचारत नाही. माझे मत ‘हाल’ला.

चहाटळ : ‘पोलिसी खाक्या’ कोणालाच आठवला नाही? ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने कबुली दिली’ हे वाक्य आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत. खाकी गणवेशावरूनच तो आला असणार.

बखरवाचक : गणवेशाचा त्याच्याशी संबंध नाही. ‘खाका’ म्हणजे आराखडा, घाट. त्यावरून रीत, धाटणी.

जुना वकील : व्युत्पत्ती काहीही असो, त्या वाक्यातली कबुली न्यायालयात चालत नाही. पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा नव्हे, हे १८७२च्या पुरावा कायद्याच्या पंचविसाव्या कलमात होते आणि २०२३च्या नव्या अधिनियमातही कायम आहे.

अनुवादिनी : आभारी आहे. याच लेखात ‘कमांडर इन चीफ’साठी मी ‘सरसेनापती’ योजला आहे. तो तरी निर्वेध आहे ना?

बखरवाचक : मुळीच नाही, ताई. आपला सरसेनापती अष्टप्रधानांतला एक होता आणि छत्रपतींना उत्तरदायी होता. तुमच्या लेखातला राष्ट्राध्यक्ष या पदाच्या आधारे कायद्यालाच बगल देतो.

जुना वकील : उलट म्हणूनच ‘सरसेनापती’ ठेवावा. अमेरिकी राज्यघटनेचे एक शिल्पकार हॅमिल्टन यांनी १७८८ साली या अधिकाराचा अर्थ ‘पहिला जनरल आणि ॲडमिरल’ इतकाच सांगितला होता आणि युद्ध पुकारण्याचा अधिकार राज्यघटनेने काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे, ठेवला आहे. १९५२ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी कोरियातील युद्धाचे कारण देऊन पोलाद गिरण्या ताब्यात घेतल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्या परत करायला लावल्या. पुढे २००४ साली न्यायमूर्ती ओकॉनर यांनी युद्धस्थिती म्हणजे राष्ट्राध्यक्षाला दिलेला कोरा धनादेश नव्हे, असे बजावले. हा शब्द मुळातच लहान होता. तो फुगवला राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या वकिलांनी.

शुद्धमती : आणि ‘युनिटरी एक्झिक्युटिव्ह’? नागरिकशास्त्रातला ‘एकात्म’ आहेच.

अनुवादिनी : ‘एकात्म’ म्हटले की वाचकाला संघराज्याच्या विरुद्धची शासनपद्धती आठवते, आणि येथे घटकराज्यांचा प्रश्नच नाही. सारी कार्यकारी सत्ता एकाच माणसाच्या हाती, असा तो सिद्धांत आहे. ‘एकमुखी कार्यसत्ता’ कसे वाटते?

चहाटळ : रुद्राक्षासारखे.

अनुवादिनी : हसण्यावारी नेऊ नका, कारण पुढची अडचण याहून मोठी आहे. कैद्यांना क्रूर वागणूक देण्यास बंदी करणारी सिनेटर मॅकेन यांची दुरुस्ती सिनेटने ९० विरुद्ध ९ मतांनी स्वीकारली होती. ३० डिसेंबर २००५ रोजी बुश यांनी त्या कायद्यावर सही केली आणि सोबतच्या निवेदनात, आपण ही बंदी राष्ट्राध्यक्षाच्या घटनात्मक अधिकारांशी सुसंगत अशा रीतीनेच लावू, असे म्हटले. अशा ‘साइनिंग स्टेटमेंट’ला मराठीत काय म्हणावे?

बखरवाचक : ‘मखलाशी’! पेशवे दफ्तरात कागदावर मारलेल्या शेऱ्याला हाच शब्द होता.

जुना वकील : पण आज ‘मखलाशी’ म्हणजे गोड शब्दांत केलेली लबाड सारवासारव. संपादक म्हणतील, पुन्हा निवाडा दिला.

बखरवाचक : मी जुन्याच अर्थाने म्हणतो आहे.

चहाटळ : मी नव्या अर्थाने अनुमोदन देतो.