स्टाटा (आकडेवारीचं सॉफ्टवेअर): जोडरेषेचा आलेख कोळ्याच्या जाळ्यासारखा येतोय

प्रश्न: पाच जिल्ह्यांचा २००१ ते २०२० चा वार्षिक पाऊस, लाँग मांडणीत (प्रत्येक जिल्हा-वर्षाची वेगळी ओळ). ठिपके रेषेने जोडणारी 'ट्वोवे कनेक्टेड पाऊस वर्ष' ही आज्ञा दिली की रेषा मागेपुढे पळतात. ठिपके मात्र बरोबर आहेत.

आकडेमोड: स्टाटा ठिपके ओळींच्या क्रमाने जोडतो, वर्षाच्या नाही. नुसतं 'सॉर्ट' लावलंत तर पाचही जिल्हे एकाच वर्षावर उभे-आडवे जोडले जातील. स्वल्पविरामानंतर 'सॉर्ट(जिल्हा वर्ष) कनेक्ट(एल)' द्या. एल कॅपिटलच हवा. मग वर्ष वाढत असेल तरच रेषा ओढली जाते. अडचण एकच: एका जिल्ह्याची माहिती २०१० ला संपून पुढच्याची २०११ ला सुरू होत असेल, तर ते दोघेही जोडले जातात.

रांगोळी_ठिपके: म्हणूनच मी 'एक्सटीसेट' करून (म्हणजे जिल्हा आणि वर्ष कोणते हे स्टाटाला सांगून) 'एक्सटीलाइन पाऊस, ओव्हरले' सुचवेन; त्यात प्रत्येक जिल्ह्याची वेगळी रेषा एकाच आलेखात येते. जिल्ह्याचं नाव अक्षरी असेल तर आधी 'एनकोड' (नावांना क्रमांक देणं), नाहीतर 'एक्सटीसेट' अडेल.

प्रश्नकर्ता: एल चाललं, आभार! पण एका जिल्ह्यात २००८ चा आकडाच नाही, तरी २००७ वरून सरळ २००९ ला रेषा जाते.

आकडेमोड: रिकामी जागा ओलांडून जोडणं हे मूळ सेटिंगच आहे. 'सीमिसिंग(एन)' लिहा, तिथे रेषा तुटेल. मात्र २००८ ची ओळच फाइलमध्ये नसेल तर उपयोग शून्य. आधी 'एक्सटीसेट', मग 'टीएसफिल' चालवून ती रिकामी ओळ तयार करा.