मदत हवी आहे: त्याचा नवीन युद्धपट आयमॅक्सला बघू की साध्या थेटरात?

धांदरट:
मंडळी पटकन सांगा, आज रात्रीपर्यंत बुकिंग करायचंय. २१ला त्याचा युद्धपट येतोय, तो आयमॅक्सला, म्हणजे त्या भल्यामोठ्या पडद्यावर, बघू की साध्या थेटरात? मागच्या वेळी जे झालं ते परत झालं तर घरात माझी खैर नाही. मी स्वतः त्याचा फॅन आहे, म्हणजे होतो, आता माझं मलाच कळत नाही, म्हणून तर अडकलोय. 'आधी रिव्ह्यू येऊ देत' हे कृपया सांगू नका, तोवर मधल्या सीटा उडतात.

रिकामटेकडा:
त्याचा म्हणजे कोणाचा?

बोलघेवडी:
आणि मागच्या वेळी नक्की काय झालं? डॉक्टरकडे जाऊन 'तेच दुखतंय' म्हणल्यासारखं लिहिलंय.

धांदरट:
अहो दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलनचा, डंकर्क. २१ जुलै २०१७ला दुसरं काय येतंय? मागच्या वेळी म्हणजे त्याचाच इंटरस्टेलर.

सत्तर_एमेम:
मग विचारायचं काय त्यात, डोळे झाकून आयमॅक्स. अख्खा पिक्चर मोठ्या फिल्मवर शूट केलाय, आयमॅक्स कॅमेरा आणि ६५ एमेमची रुंद फिल्म, डिजिटल नाहीच. फक्त एक बघ, तुझ्या थेटरात प्रोजेक्टर फिल्मचा आहे का डिजिटल. फिल्मवाल्या आयमॅक्सला चौकट १.४३ ला १ म्हणजे जवळजवळ चौकोनी, डिजिटलला बहुतेक ठिकाणी १.९० म्हणजे जास्त आडवी, आणि साध्या पडद्यावर वरचं खालचं आणखी कापलं जातं. निम्मं आभाळ गेल्यावर विमानं बघायची कुठे?

उलटतपासणी:
आभाळ बघायला गच्चीवर जावं की, फुकट आहे. मला एक सांगा, अमेरिकेत पीजी-१३, म्हणजे पोराटोरांनाही चालेल अशा सर्टिफिकेटचा युद्धपट, म्हणजे रक्त नाही, आतडी नाहीत, सगळं स्वच्छ. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' या युद्धपटातली रक्ताळलेली पहिली वीसेक मिनिटं बघितलेल्या माणसाने हे का बघावं? हा माणूस थंड आहे हो. याची पात्रं माणसं नसतातच, पिक्चरचे नियम समजावून सांगायला ठेवलेले मास्तर असतात.

सत्तर_एमेम:
या वेळी मास्तरच नाहीत! स्क्रिप्ट ७६ पानांची आहे, लांबी १०६ मिनिटं. १९९८चा फॉलोइंग सोडला तर याचा सगळ्यात छोटा पिक्चर. इंटरस्टेलर १६९ मिनिटांचा होता, आठवतंय ना.

उलटतपासणी:
आठवतंय, बूड अजून दुखतंय. आणि छोटा असला तरी सरळ कुठे आहे? किनाऱ्यावरचा एक आठवडा, बोटीवरचा एक दिवस आणि विमानातला एक तास, हे तिन्ही एकत्र कापून दाखवणार म्हणे. साधी 'माणसं अडकली, माणसं सुटली' अशी गोष्ट, तिलाही याला तीन गाठी मारायच्यात.

बोलघेवडी:
माझी धाकटी बहीण फक्त यात काम करणाऱ्या त्या गायक हॅरी स्टाइल्ससाठी जाणार आहे आणि थेटरात किंचाळणार आहे. ती कुठल्या शोला जातेय ते कळवते, तो सोडून बाकी कुठलाही घ्या.

रिकामटेकडा:
नोलनने त्याच्या बॅटमॅनच्या पिक्चरमध्ये हीथ लेजरला जोकर दिला तेव्हाही लोक असेच हसले होते. नंतर कोणी हसलं का?

बखरवाला:
एक मूलभूत गोष्ट कोणी बोलत नाहीये. २६ मे ते ४ जून १९४०, फ्रान्समधल्या डंकर्कला जर्मनांच्या वेढ्यात अडकलेले साधारण ३,३८,००० सैनिक बाहेर काढले. सगळ्यांना वाटतं ते छोट्या होड्यांनी काढले. तसं नाही. २,३९,००० च्या आसपास बंदरातून निघाले, बहुतेक पूर्वेकडच्या धक्क्यावरून, थेट मोठ्या जहाजांवर. उघड्या किनाऱ्यावरून गेले ते साधारण ९९,०००. होड्यांची गोष्ट गोड आहे म्हणून तीच सांगतात. आता हा धक्का दाखवतो का होड्या कुरवाळत बसतो त्यावर मी ठरवणार. आणि त्या सैन्यात आपल्या हिंदी फौजेच्या खेचर तुकड्याही होत्या, डिसेंबर १९३९ला फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरलेल्या, त्यातली एक तर जर्मनांच्या हाती लागली. एका फ्रेममध्ये तरी दिसतील का?

उलटतपासणी:
ट्रेलरमध्ये तर नाहीत.

बखरवाला:
तरी होड्यांमधली एक गोष्ट मलाही आवडते. लाइटोलर म्हणून एक म्हातारा होता, टायटॅनिकवरचा सेकंड ऑफिसर, त्यातून वाचलेला. तो साठी उलटल्यावर स्वतःची बोट घेऊन मुलासोबत डंकर्कला गेला आणि सव्वाशेच्या वर माणसं त्या एवढ्याशा बोटीत कोंबून घेऊन आला.

खिडकीतली:
धाग्याच्या मालकांनी अजून सांगितलं नाही की इंटरस्टेलरला काय झालं होतं.

धांदरट:
सॉरी, लिहिलं असं वाटलं. बाबांना घेऊन गेलो होतो. ते ७६ वर्षांचे आहेत, दोन्ही कानांना मशीन. पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी एक मशीन काढून रुमालात गुंडाळलं, इंटरव्हलआधी दुसरं, आणि नंतर सगळा वेळ माझ्याकडे बघून 'काय म्हणाला?' मी काय सांगणार, मलाच ऐकू येत नव्हतं. संगीतातल्या ऑर्गनखाली सगळे डायलॉग गेले. घरी येऊन आईने जो तास घेतला तो वेगळाच. आता बाबांना हा बघायचाच आहे कारण दुसरं महायुद्ध हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय.

बोलघेवडी:
अहो हे पहिल्याच ओळीत लिहायचं ना!!

उलटतपासणी:
बघा, हेच मी म्हणतोय. २०११ला याच्या बॅटमॅनपटातल्या मुखवटावाल्या खलनायकाची, बेनची, पहिली झलक दाखवली तेव्हाही लोक 'काही कळत नाही' म्हणून ओरडले होते. इंटरस्टेलरच्या वेळी तर याने स्वतः सांगितलं की संवाद काही ठिकाणी साउंड इफेक्टसारखा वापरलाय, मुद्दाम. म्हणजे चूक झाली असती तर माफ तरी केली असती.

सत्तर_एमेम:
संवाद ऐकायचा असेल तर रेडिओ लावावा. बाय द वे या वेळी संगीतकार झिमरने शेपर्ड टोन वापरलाय. त्यात एकाच सुराचे वेगवेगळे सप्तक एकावर एक वर चढत जातात, वरचा विरत जातो, खालून नवा येतो, त्यामुळे कानाला वाटतं आवाज चढतच चाललाय, थांबतच नाही. नोलनच्या बॅटमॅनची मोटारसायकल, बॅटपॉड, तिच्या आवाजातही हेच होतं.

रिकामटेकडा:
७६ वर्षांच्या कानाला ही आनंदाची बातमी आहे का?

खिडकीतली:
आईला मशीन आहे म्हणून अनुभवाचं सांगते. एक, सबटायटल असलेला शो मिळतो का ते फोन करून विचारा, वेबसाइटवर नेहमी लिहिलेलं नसतं. दोन, ऑडिओलॉजिस्टकडून मशीनमध्ये मोठ्या आवाजासाठी वेगळा प्रोग्रॅम टाकून घ्या, पाच मिनिटांचं काम असतं, बटण दाबून बदलता येतो. तीन, मागच्या रांगेत मध्यभागी बसा, भिंतीकडच्या सीटा नकोत, स्पीकर डोक्यावर येतात. आयमॅक्सचा आवाज अंगावर येतो, आई एकदा गेली आणि परत नाव काढलं नाही. साधं थेटर घ्या.

सत्तर_एमेम:
साधं थेटर म्हणजे पाप.

खिडकीतली:
पाप मी घेते, तिकीट त्यांना घेऊ दे.

बखरवाला:
जर्मनांच्या श्टुका बॉम्बफेकी विमानांना मुद्दाम भोंगे बसवलेले असायचे, माणसं घाबरावीत म्हणून. ते दाखवणार म्हणजे कर्कश असणारच. पण मग युद्ध दाखवायचं आणि आवाज नको हे कसं जमायचं?

बोलघेवडी:
त्यापेक्षा घरी 'अटोनमेंट' पिक्चर लावा. डंकर्कच्या किनाऱ्याचा पाचेक मिनिटांचा एकच शॉट आहे, आवाज आपल्या हातात.

उलटतपासणी:
बाकीचा पिक्चर प्रेमकथा आहे हे सांगा की त्यांना.

धांदरट:
आत्ता बाबांना विचारलं. म्हणाले गोष्ट मला पाठ आहे, डायलॉग ऐकून काय करायचंय, मशीन घरीच ठेवतो, तू आयमॅक्स काढ. वर शूटिंगचे फोटो चष्मा कपाळावर चढवून नाकाजवळ धरून बघितले आणि म्हणाले 'हे चुकलंय, जर्मन विमानांची नाकं पिवळी डंकर्कच्या नंतर झाली.' पिक्चर यायच्या आधी पहिली चूक काढून झाली. पिक्चरमधल्या स्पिटफायर, म्हणजे ब्रिटिशांची लढाऊ विमानं, खऱ्या आहेत का विचारतायत.

बखरवाला:
बाबांना माझा नमस्कार सांगा, नाकाचं बरोबर आहे. प्रेक्षकाला आपलं कुठलं आणि शत्रूचं कुठलं हे ओळखू यावं म्हणून रंगवलीत. स्पिटफायर खऱ्या आहेत. जर्मन विमानं मात्र स्पेनमध्ये बांधलेली बुचोन आहेत, जर्मनांच्या मेसरश्मिट लढाऊ विमानाची भावंडं, आणि गंमत म्हणजे त्यांच्यात इंजिन रोल्स रॉइस मर्लिन. स्पिटफायरच्याच घराण्यातलं.

धांदरट:
झालं. हे वाचून दाखवलं आणि आता म्हणतात मर्लिनचा आवाज ऐकायचा म्हणजे मशीन घालावंच लागेल. खिडकीतली ताई, तो प्रोग्रॅम एका दिवसात टाकून मिळतो का?