मिरजेची सतार मिरजेची, मग सांगलीचा रेडिओ नुसता ‘असेंबल’ का?

कृष्णाकाठ:
गेल्या महिन्यात जुन्या वस्तूंच्या एका प्रदर्शनात वडिलांचा रेडिओ घेऊन गेलो होतो. सागवानी खोकं, आत व्हॉल्व्ह, पुढं विणीचं कापड. मांडणी करणाऱ्यांनी मागचं झाकण काढून पाहिलं आणि म्हणाले, “हा कंपनीचा नाही, असेंबल आहे.” टेबलावर मर्फी, बुश, फिलिप्स, नॅशनल एको ओळीनं बसले होते. आमचा पिशवीत घालून परत आणला.

मला हे पटत नाही. आमच्या लहानपणी सांगलीच्या पेठांतून छोट्या दुकानांत रेडिओ बांधले जायचे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून माल आणायचा, खोकं इथल्या सुताराकडून करून घ्यायचं, सेट बांधून गिऱ्हाइकाच्या घरी नेऊन एरियल ओढून द्यायची. मिरजेच्या सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या सगळ्यांना अभिमान वाटला. तिचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, तारा बाहेरून येतात. तिला कुणी असेंबल म्हणत नाही, कारण तिची जवारी, म्हणजे घोडी घासून सुराला आणायचं काम, मिरजेत निघते.

आमच्या रेडिओच्या डायलवर छापील नावांत सांगली नाही. आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ साली सुरू झालं, आज ते १२५१ किलोहर्ट्झवर लागतं. बांधणाऱ्यानं नेमक्या त्या जागी तांबडी रेघ ओढून बारीक ब्रशनं ‘सांगली’ लिहिलंय. ज्यानं हे केलं तो या वस्तूचा कर्ता नाही, हे मी कसं मानू?

राजवाडा सातारा:
वडिलांची वस्तू पिशवीत घालून परत आणताना काय वाटलं असेल, ते समजतं. तरीही मांडणाऱ्यांचं बरोबर होतं असं माझं मत आहे. मी रेडिओच्या कारखान्यात तपासणी विभागात नोकरी केली. पहिल्या नगासारखाच हजारावा नग निघतो, त्याला उत्पादन म्हणतात. ठाण्याला मर्फी आणि पुण्याजवळ लोणीला फिलिप्स हेच करत होते.

आपल्या दोन जिल्ह्यांना उत्पादकांची वाण कधीच नव्हती. किर्लोस्करवाडीला १९१० पासून ओतकाम चाललं, नांगर झाले, पंप झाले. कराडजवळ ओगलेवाडीला १९१६ पासून काच वितळवली, प्रभाकर कंदील घरोघरी गेला. साताऱ्यात कूपरची इंजिनं झाली. या लोकांनी भट्ट्या पेटवल्या, नकाशे काढले, साचे केले. त्यांच्या शेजारी तयार गँग (स्टेशन लावायचा फिरता कंडेन्सर), तयार स्पीकर, तयार आयएफटी (सेटच्या आतला आयएफ ट्रान्सफॉर्मर) आणून सोल्डर मारणाऱ्याला बसवलं, तर ओगल्यांवर अन्याय होतो.

सतारीची तुलनाही टिकत नाही. भोपळा कच्चा माल आहे. तो कापून, वाळवून, तबली बसवून त्याला वाद्य मिरजेत करतात. आयएफ ट्रान्सफॉर्मर कच्चा माल नव्हे, तो डबीत बंद होऊन येतो.

आणखी एक. स्थानिक सेटवर नामांकित कंपनीचा बिल्ला चिकटवून विकणारे होते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. एसी-डीसी सेटमध्ये चासीवरच, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्यावरच, वीज यायची, नॉबचा स्क्रू लागला की झटका. हेही इतिहासात लिहायचं ना?

सोल्डरगन (इस्लामपूर):
लिहायचं, पण पूर्ण लिहायचं. एसी-डीसी सेट मोठ्या कंपन्याही विकत होत्या. यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२, यूवाय ८५ हा व्हॉल्व्हचा संच त्यांच्याच सेटमध्ये असायचा आणि चासी तिथंही मेन्सलाच. झटका काही सांगलीचा शोध नव्हता. बिल्ल्यांचं म्हणाल तर ते खरं आहे, आणि ते चूकच होतं. माझ्या उस्तादांनी एकदाही लावला नाही.

मी १९७४ पासून शिकलो. सोल्डर मारणं आठ दिवसांत येतं. सेट बोलायला लागल्यावर खरं काम सुरू होतं. सुपरहेट पद्धतीच्या सेटच्या आत एक ऑसिलेटर, म्हणजे स्वतःची लहर तयार करणारा भाग, चालतो. तो लावलेल्या स्टेशनाच्या बरोबर ४५५ किलोहर्ट्झ वर राहिला पाहिजे. गँगचे दोन भाग एकाच दांड्यावर फिरतात, एक एरियलची बाजू जुळवतो, दुसरा ऑसिलेटरची. दोघांनी पट्टीभर सोबत चालायला हवं, पण वरच्या टोकाला जुळवलं की खालचं घसरतं. जुळवणीचे दोन छोटे कंडेन्सर असतात: खाली पॅडर फिरवायचा, वर ट्रिमर, पुन्हा खाली, पुन्हा वर. दुपार जायची एका सेटला.

राजवाडासाहेब, तुमच्याकडं हवा तो सिग्नल देणारा सिग्नल जनरेटर होता. आमच्याकडं पट्टीच्या खाली पुणे स्टेशन होतं आणि वर सांगली. त्यातही सांगली इतकं जवळ की एव्हीसी (आवाज आपोआप सारखा ठेवणारी जोडणी) आवाज धरून ठेवायचा, ट्रिमर फिरवला तरी कानाला फरक कळायचा नाही. मग एरियल काढून, खोलीभर शांतता करून, अगदी बारीक आवाजात कान लावून शिखर शोधायचं. कृष्णाकाठ दादांनी जवारी म्हटलं ते मला एकदम पटलं. जवारीवाला घोडीवर कानस फिरवतो आणि ऐकतो. आम्हीही तेच करत होतो.

शॉर्टवेव्ह तर वेगळीच परीक्षा. १९५२ साली केसकर माहिती-नभोवाणी मंत्री झाले, आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी आटली आणि सगळा देश रेडिओ सिलोनकडं वळला. बुधवारी रात्री आठला गीतमाला स्वच्छ लागली नाही, तर गिऱ्हाईक गुरुवारी सकाळी दुकानाच्या पायरीवर उभं. विविध भारती १९५७ ला आली तरी उस्तादांच्या दुकानात सेटची परीक्षा सिलोनवरच व्हायची.

आणि सगळे भाग तयार नव्हते. खेड्यात संध्याकाळी विजेचा दाब १६० व्होल्टवर यायचा. बाजारातला ट्रान्सफॉर्मर तिथं चालत नसे. आम्ही जादा टॅपिंग (वेगवेगळ्या दाबासाठी मधूनच काढलेली टोकं) काढून तो स्वतः गुंडाळायचो, फेरे मोजून, थरांत कागद घालून.

हळदपेठ:
मी मेकॅनिक नाही, गिऱ्हाइकाच्या बाजूनं सांगते. १९८५ साली आमच्याकडं गल्लीतच बांधलेला २० इंची काळा-पांढरा टीव्ही आला. कंपनीच्या सेटपेक्षा स्वस्त म्हणून घेतला. हळद निवडायच्या कामातून आईनं साठवलेले पैसे होते. दीड वर्षात त्याचा एलओटी, म्हणजे पडद्यासाठी हजारो व्होल्ट तयार करणारा ट्रान्सफॉर्मर, तीनदा गेला. पहिल्यांदा त्या माणसानं फुकट बदलला, दुसऱ्यांदा अर्धे पैसे घेतले, तिसऱ्यांदा दुकानाला कुलूप. आईनं त्यानंतर कित्येक महिने तो सेट कपाटावर चादरीखाली झाकून ठेवला, मोडीत द्यायला तिचं मन होईना.

त्या माणसाच्या हातात कला होती, मी नाकारत नाही. पण सेटमागं उभं राहणारं कुणी नव्हतं. तुम्ही सगळे बांधणाऱ्यांविषयी बोलताय. ज्यांच्या घरात ते सेट बंद पडले, त्यांचाही हा इतिहास आहे.

कृष्णाकाठ:
ताई, तुमचं म्हणणं मान्य. टीव्हीच्या बाबतीत मी रेडिओइतक्या ठामपणे बोलणार नाही. पंधरा-सोळा हजार व्होल्ट तयार करणारा भाग हलका वापरला की तो जळणारच, आणि स्वस्ताईच्या चढाओढीत तो हलका वापरला गेला.

पण रेडिओवाल्याचं उलट होतं. सेट बंद पडला की त्याच गल्लीत जाऊन त्याच माणसाला विचारता यायचं. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा वडील सांगायचे की वीज गेलेल्या आमच्या गल्लीत बातम्या कळल्या त्या एका ट्रान्झिस्टरवर. तो बांधणारा तिथंच राहायचा. सेल संपत आले तेव्हा त्यानं आपल्या टॉर्चचे काढून घातले.

राजवाडा सातारा:
हळदपेठ यांनी माझा मुद्दा माझ्यापेक्षा नीट मांडला. हमी, सुटे भाग, नोंदवही, यांनी कारखाना बनतो. १९८२ ला रंगीत टीव्ही आला तेव्हा हेच उघडं पडलं. पाल डिकोडर, डिले लाइन, प्युरिटी, कन्व्हर्जन्स ही रंग जुळवायची कामं कानानं जुळत नाहीत. पडद्यावर ठराविक रेघा उमटवणारा पॅटर्न जनरेटर लागतो आणि पडद्यावरच्या रेघा मोजाव्या लागतात. काही दुकानांनी तोही घेतला असेल, पण बहुतेकांचं बांधणं तिथंच थांबलं आणि दुरुस्ती उरली. पुढं चायना किट आली, पूर्ण बोर्डच बदलायचा. त्याला तर सोल्डरगनसुद्धा बांधणी म्हणणार नाहीत.

सोल्डरगन (इस्लामपूर):
नाही म्हणणार. त्यात हाताला काही करायला उरलंच नव्हतं. १९९५ नंतर मी नवीन सेट बांधला नाही.

राजवाडा सातारा:
ट्रान्सफॉर्मर गुंडाळण्याची गोष्ट मात्र मला माहीत नव्हती. त्यावर मी विचार करतोय. इथला दाब बघून इथं केलेला भाग असेल, तर ‘सगळं तयार आणलं’ हे माझं वाक्य त्या सेटपुरतं मागं घ्यावं लागेल. ‘उत्पादक’ हा शब्द तरीही मी देणार नाही. प्रदर्शनात ठेवायचाच असेल तर पाटीवर ‘जोडणी: सांगली’ लिहा, त्याला माझी हरकत नाही.

कृष्णाकाठ:
‘जोडणी’ नको, ‘बांधणी’ लिहू. घर बांधणारा गवंडी विटा भाजत नाही, पण घर त्यानंच बांधलं म्हणतो आपण.

राजवाडा सातारा:
आधी ट्रान्सफॉर्मर दाखवा. लेबल, टॅपिंग, कागद, सगळं. मग शब्दाचं बोलू.

सोल्डरगन (इस्लामपूर):
दादा, उघडाल तेव्हा एक सांभाळा. इतकी वर्षं पडून असलेला सेट थेट प्लगला लावू नका. फिल्टर कंडेन्सर सुकलेला असतो. सिरीजमध्ये १०० वॅटचा साधा बल्ब घाला. बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला तर लगेच बंद करा.

कृष्णाकाठ:
वीज लावलीच नाही, नुसता उघडला. ट्रान्सफॉर्मरवर कंपनीचं लेबल नाही. वर पिवळा पडलेला कागद, दोऱ्यानं बांधलेला. त्यावर शाईनं तीन आकडे आहेत: १६०, १९०, २३०. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं प्रत्येक व्हॉल्व्हसमोर व्होल्टेज मांडलंय आणि एका व्हॉल्व्हसमोर जुना आकडा खोडून नवा घातलाय. उजेड बरा आला की फोटो टाकतो.