जळालेल्या खुणा काय सांगतात?

फरशीवर ओघळासारखे जळके डाग आणि खिडकीच्या काचेवर जाळीदार तडे दिसले की रॉकेल ओतून आग लावली असे खुशाल समजावे, हे मत मला पटत नाही. टेक्सासमधील कोर्सिकाना येथे २३ डिसेंबर १९९१ रोजी एका घराला लागलेल्या आगीत तीन लहान मुली दगावल्या, तेव्हा प्रामुख्याने अशाच खुणांवर भिस्त ठेवून त्यांचे वडील कॅमेरॉन टॉड विलिंगहॅम यांना दोषी ठरवण्यात आले आणि २००४ साली देहदंड देण्यात आला. वस्तुतः बंद खोलीत छताखाली साचलेल्या वायूंची धग वाढत जाऊन एका क्षणी सारे सामान एकदम पेट घेते आणि त्यानंतर फरशीवर असे डाग रॉकेलाविनाही उमटतात; काचेला जाळी पडते ती तापलेल्या काचेवर बंबाचे गार पाणी पडल्याने. (म्हणजे विझवणाऱ्यांनीच नकळत 'पुरावा' तयार केला म्हणायचा!) कोर्सिकानाच्या त्या घरात ज्वालाग्राही द्रवाचा अंश सापडला तोही फक्त पुढच्या दाराजवळ, जिथे कोळशाची शेगडी ठेवलेली असे. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ खाली घर जाळणाऱ्याला जन्मठेपही होऊ शकते, तेव्हा पंचनाम्यात नुसते 'वास आला' एवढे लिहून कसे भागेल?