एंडोरची लढाई इवॉकांनी जिंकली नाही

खडकमाळ
काल इथे कुणीतरी लिहिलं की ‘स्टार वॉर्स’मधल्या एंडोर उपग्रहाच्या लढाईत साम्राज्य हरलं ते इवॉकांमुळे, म्हणजे तिथल्या अस्वलाच्या पिल्लांसारख्या रहिवाशांमुळे, नाहीतर बंडखोरांचं आरमार तासाभरात संपलं असतं. खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

डेथ स्टार या साम्राज्याच्या अवकाशतळाचं कवच एंडोरवरच्या बंकरमधून चालायचं. त्या बंकरचं दार इवॉकांनी उघडलेलंच नाही. बंडखोरांच्या च्युबॅकानं शत्रूचा एटी-एसटी, म्हणजे दोन पायांवर चालणारा रणगाडा, पळवला. मग त्याचा जोडीदार हॅन सोलोनं साम्राज्याचा चालक असल्याचं भासवून निरोप दिला की बंडखोर पळतायत, कुमक पाठवा. आतल्या अधिकाऱ्यानं आपल्या हातानं दार उघडलं. इवॉकांनी शिपाई गुंतवून ठेवले, त्याचं श्रेय त्यांना द्याच. पण निकाल वर अवकाशात लागत होता.

तिथे साम्राज्याचा आरमारप्रमुख पिएट याच्याकडे एकोणीस किलोमीटर लांबीचं एक्झिक्युटर जहाज होतं, सोबत स्टार डिस्ट्रॉयर या युद्धनौकांची फळी. बंडखोर पुरते कोंडीत सापडलेले. आणि हा थांबून राहिला, कारण सम्राटाचा हुकूम होता की हल्ला करायचा नाही, फक्त निसटू द्यायचं नाही. पकडलेल्या बंडखोर ल्यूकसमोर डेथ स्टारची तोफ चालवून दाखवायची होती ना! बंडखोरांचं लिबर्टी जहाज त्या तोफेनं उडाल्यावर त्यांचा आरमारप्रमुख अ‍ॅकबार माघार घ्यायला निघाला होता. त्यांच्या लढाऊ विमानांचा म्होरक्या लँडो म्हणाला, नाही, स्टार डिस्ट्रॉयरांना जाऊन भिडा, डेथ स्टारपुढे टिकू त्यापेक्षा तिथे जास्त टिकू. लढाई तिथे फिरली. एकानं जागेवर निर्णय घेतला आणि दुसऱ्याला तो घेण्याची मुभाच नव्हती.

निवृत्त_वानवडी
पिएटवर खापर फोडू नका. त्याच्या आधीच्या अ‍ॅडमिरलचा, ओझेलचा, सम्राटाचा उजवा हात असलेल्या वेडरनं गळा आवळला आणि त्याच क्षणी पिएटला बढती दिली. पुढे कॅप्टन नीडाही तसाच गेला. अशा माणसानं हुकूम मोडायचा? माझं आयुष्य फौजेत गेलं. एकदा पुढच्या चौकीशी वायरलेस तुटला आणि रात्रभर आम्हाला आधीचाच आदेश पाळावा लागला. घरात बसून पुढाकाराच्या गोष्टी सांगणं सोपं असतं.

खडकमाळ
साहेब, खापर पिएटवर नाहीच, त्याला तसं घडवणाऱ्यावर आहे. तुम्ही माझाच मुद्दा मांडताय.

भोसरी_शिफ्ट
अगदी बरोबर. आमच्या प्लँटला एक मोठे साहेब होते, त्यांच्या सहीशिवाय लाइनवर साधं सेटिंग बदलायचं नाही. ते आजारी पडले आणि माल खराब निघत असताना आम्ही दोन शिफ्ट नुसते बघत उभे होतो. कुणाला कळत नव्हतं असं नाही, बोलायची हिंमत नव्हती.

थ्रॉनपंथी
साम्राज्य का हरलं त्याचं कारण १९९१ च्या ‘हेअर टू द एम्पायर’ कादंबरीत स्वच्छ दिलंय. सम्राट फोर्स या गूढ शक्तीच्या जोरावर आख्ख्या आरमाराची लढाई चालवत होता. तो मेला आणि कप्तानांचा ताळमेळ सुटला. साम्राज्याचा सेनानी थ्रॉन स्वतः हे आपल्या कप्तानाला, पेलेऑनला, सांगतो.

खडकमाळ
ते २०१४ पासून लेजंड्स या बाजूला काढलेल्या जुन्या कथांमध्ये गेलं, अधिकृत धरता येत नाही. तरी निष्कर्ष तोच निघतो, एवढं मान्य.

कसबा_पेठ
हे सगळं पानिपतच आहे. विश्वासरावांना गोळी लागली, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, अंबारी रिकामी दिसली आणि फौज फुटली.

निवृत्त_वानवडी
असं म्हणून तुम्ही तिथे झुंजलेल्यांचा अपमान करताय. उपाशी माणसं आणि उपाशी घोडे घेऊन ते लढले, शिवाय यात्रेकरू आणि बाजारबुणग्यांचा भार. अब्दालीनं राखीव फौज शेवटपर्यंत हाताशी ठेवली होती. अंबारीचं काय घेऊन बसलात?

कसबा_पेठ
उपासमार मलाही ठाऊक आहे. पण दुपारपर्यंत पारडं आपल्या बाजूला होतं ना? मग फिरलं कशानं?

देवगडचा
पुण्यात आलं की सगळ्या वाटा पानिपतावर. आरमाराची चर्चा चाललीय तर आरमाराचं बोला! लँडोनं केलं ते आमच्या दर्यावर्दींना नवं नव्हतं. आंग्र्यांची गलबतं मोठ्या जहाजाला पिछाडीनं गाठायची, कारण त्याच्या तोफा कडेला. ते आरमार फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली जळालं. इंग्रजांकडून पूर्वी पकडलेल्या एका जहाजानं पेट घेतला आणि आग सगळीकडे पसरली. समुद्रावर इंग्रजांचा वॉटसन, आणि जमिनीवरची फौज कुणाची? नानासाहेबांची! आमच्या आजोबांना हे सांगताना बोलवायचं नाही.

कसबा_पेठ
त्या आरमाराचा धनी तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हता. राज्य म्हटलं की बंदोबस्त करावाच लागतो.

देवगडचा
बंदोबस्तासाठी परक्याला बोलावून स्वतःचा समुद्र त्याच्या हवाली करायचा?

कसबा_पेठ
आज निकाल माहीत आहे म्हणून बोलताय. १७५६ साली इंग्रज पुढे काय करणार हे कुणाला दिसत होतं?

देवगडचा
कान्होजींना दिसलं होतं. हयातभर त्यांच्याशी लढले ते.

खडकमाळ
दोघेही आवाज खाली घ्या. पानिपत काढलंच आहे तर शेवटपर्यंत न्या. माधवराव सोळाव्या वर्षी गादीवर आले आणि १७७१ मध्ये महादजी दिल्लीत होते. एवढा मार खाऊन दहा वर्षांत उभं राहिलो, कारण मागे माणसं होती. साम्राज्याकडे एंडोरनंतरही ढीगभर जहाजं होती, तरी वर्षभरात जॅक्कू ग्रहावरच्या लढाईत खेळ खलास. सम्राटानं वारस तयार केला नाही, उलट आपल्यामागे आपलेच ग्रह जाळायचा हुकूम ठेवून गेला, ऑपरेशन सिंडर. म्हणून ही लढाई निर्णायक. इवॉक असते किंवा नसते, एका माणसावर उभारलेलं आरमार असंच कोसळतं.

निवृत्त_वानवडी
सिंडरचा मुद्दा घेतला. अंबारीचा अजिबात नाही. आणि एक्झिक्युटरच्या ब्रिजचं कवच गेल्यावर पिएटनं पुढच्या तोफांचा मारा वाढवायला सांगितलं, ते योग्यच होतं. बंडखोरांचं ए-विंग विमान येऊन आदळलं त्याला तो काय करणार?

देवगडचा
विजयदुर्गाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.