हौस आपली, चेहरा वारकऱ्याचा: विचारून फोटो काढावा की न विचारता?

घाटवाट

वारीला तीन आठवडे राहिले, म्हणून हा विषय आत्ताच काढतोय.

मी नोकरदार माणूस. फोटोग्राफी ही माझी हौस, त्यातून एक पैसा कमावलेला नाही. सात वर्षं झाली, माऊलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते त्या दिवशी रजा टाकतो. पहाटे वडकीत गाडी लावायची, दिवेघाटाचं पहिलं वळण चालत गाठायचं आणि पालखी येईपर्यंत तिथंच बसायचं. आधी घाटाखालून टाळांचा आवाज येतो, मग पताका दिसतात, मग बघता बघता सगळा रस्ता पांढरा होतो. चढासाठी रथाला जादा बैलजोड्या लावलेल्या असतात. त्या तास-दोन तासांची मी वर्षभर वाट बघतो.

तीन वर्षांपूर्वी सासवडच्या मुक्कामात एका आजींचा फोटो काढला. शाळेच्या ओट्यावर बसून त्या तळपायाच्या फोडांना खोबरेल लावत होत्या. उन्हाची तिरीप नेमकी त्यांच्या पांढऱ्या केसांवर आली होती. ८५ एमएमची लेन्स, मी पंधरा फुटांवर, त्यांना पत्ताच नाही. तो फोटो एका स्पर्धेत निवडला गेला, प्रदर्शनात मोठा करून लावला. मी फार खूश होतो.

पुढच्या वर्षी तीच दिंडी त्याच शाळेत उतरली होती. आजी भेटल्या. मोबाईलवर फोटो दाखवला. बराच वेळ बघून म्हणाल्या, "पदर पडलाय की रं माझा." मग विचारलं, "किती जणांनी बघितला?" मला उत्तर देता आलं नाही. रागावल्या नाहीत, उलट चहा घेऊन जा म्हणाल्या. पण मी ज्या उजेडाचं कौतुक सांगत फिरत होतो, तो त्यांच्या उघड्या डोक्यावर पडला होता, आणि वर्षभरात मला ते एकदाही दिसलं नव्हतं.

तेव्हापासून ठरवलंय. चेहरा ओळखू येणार असेल तर आधी विचारायचं, आणि पुढच्या वर्षी प्रिंट नेऊन हातात द्यायची. हौशी माणसानं तरी हे पाळावं असं मला मनापासून वाटतं. वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरला संध्याकाळच्या आत फोटो पाठवायचा असतो. आपल्याला कसली घाई आहे?

तिसरा_डोळा

असहमत. विचारलंत की फोटो गेला.

"माऊली, फोटो काढू का" म्हटलं की माणूस ताठ उभा राहतो, टोपी सारखी करतो, टाळ छातीशी धरतो, आणि आपण ज्याच्यासाठी थांबलो होतो ते चेहऱ्यावरून निघून जातं. मी रोलच्या काळापासून वारीत फिरतोय. खिशात छत्तीसचे दोन रोल, म्हणजे अख्ख्या दिवसात बहात्तर फोटो. जपून जपून बटण दाबायचं. धुऊन आल्यावर त्यातले जे चार-पाच आजही काढून बघावेसे वाटतात, त्यात विचारून काढलेला एकही नाही.

लपून काढणं मलाही मान्य नाही. माझ्याकडे ३५ एमएमची लेन्स असते, जवळून काढायची, मी हातभर अंतरावर असतो. समोरच्याला मी दिसतो, कॅमेरा दिसतो. नको असेल तर तो हात हलवतो आणि मी कॅमेरा खाली घेतो. ही परवानगीच झाली की, तोंडानं मागितली नाही इतकंच.

आणि जरा परखड बोलतो, राग मानू नका. पदर पडलेला तुम्हाला दिसला नाही हा नजरेचा दोष आहे. विचारून काढला असता तरी ती नजर आली नसती.

सासवडची_लेक

मी सासवडची. आमच्या वाड्यात दिंडी उतरते, आजोबांच्याही आधीपासून. त्यामुळे या विषयावर गप्प बसणं मला जमणार नाही.

पहाटे तीन-साडेतीनला टँकरपाशी बायकांच्या आंघोळी सुरू होतात. आडोसा म्हणजे चार काठ्या आणि दोन साड्या. एकदा त्या वेळी एक गृहस्थ दारात आले. गळ्यात हातभर लांब लेन्स. "गच्चीवर जाऊ द्या, वरून पहाट छान मिळते." त्यांना खरंच पहाटच हवी असेल, मी त्यांच्यावर आळ घेत नाही. पण गच्चीवरून खाली काय दिसतं ते आम्हाला माहीत होतं. आईनं नाही म्हणून सांगितलं. ते समोरच्या घरी विचारायला गेले.

"रस्त्यावरचा सोहळा आहे, सगळ्यांसाठी खुला आहे" असं नेहमी ऐकते. दिंडी चालत असते तेव्हा ते खरं आहे. पण मुक्कामाला पोचलेल्या बाईला तीन आठवडे तो रस्ताच घर असतो. तिथंच ती झोपते, केस विंचरते, ओलं लुगडं वाळत घालते. तिसरा_डोळा, तुमचं हातभर अंतर दिंडीत चालेल. मुक्कामावर तेच अंतर म्हणजे कुणाच्या तरी न्हाणीघराचा उंबरा असतो.

घाटवाट, तुमचा फोटोही मुक्कामातलाच होता. मला वाटतं प्रश्न विचारण्याचा कमी आणि जागेचा, वेळेचा जास्त आहे.

रविवारचा_भटक्या

सगळं वाचलं. आदर आहे, पण हौसेवर किती ओझं टाकायचं?

आठवड्याला सहा दिवस नोकरी. वर्षाला मोजून दहा-बारा दिवस कॅमेरा बॅगेतून बाहेर येतो. वारीला जातो ते मोकळं वाटावं म्हणून. लाखो माणसं चालत असतात, एका दिवसात माझे आठशे फोटो होतात. प्रत्येकाला विचारायचं, नाव लिहायचं, प्रिंट काढायची, वर्षभरानं शोधून द्यायची? शोधणार कसं, तेच सांगा आधी. मग ती हौस राहत नाही, दुसरी नोकरी होते.

मी कुणाचं वाईट करत नाही. घरी आल्यावर बायकोला, मुलीला मोठ्या टीव्हीवर फोटो दाखवतो. मुलगी विचारते हे आजोबा कुठून आले असतील, त्यांच्या डोक्यावर तुळस का आहे. त्यातून आमच्या गप्पा होतात. हा आनंद कमी आहे का?

घाटवाट

भटक्या, कमी मुळीच नाही. घरी बघायचे फोटो वेगळे, जगासमोर टांगायचे वेगळे, हे मी आधी लिहायला हवं होतं.

शोधायचं कसं ते सांगतो, कारण ते वाटतं तितकं अवघड नाही. माऊलींच्या सोहळ्यात दिंड्यांना क्रमांक आहेत. रथापुढे २७, बाकीच्या रथामागे. ज्या दिंडीचा जो क्रमांक तो तिचाच, रस्त्यात कुणी पुढंमागं होत नाही. बहुतेक दिंड्यांच्या मुक्कामाच्या जागाही वर्षानुवर्षं त्याच. सामानाच्या ट्रकवर क्रमांक आणि गावाचं नाव असतं. मी चेहऱ्याचा फोटो काढला की लगेच पुढचा फोटो ट्रकच्या पाटीचा काढतो. झालं, वहीची गरज नाही.

आठशेंतले आठशे द्यायचे नाहीतच. माझे वर्षाला तीस-पस्तीस होतात. चार बाय सहाची प्रिंट दोन कप चहाच्या पैशात निघते. सासवडला पालखी बहुधा दोन रात्री असते, दुसऱ्या दिवशी दिंडीप्रमुखांच्या हातात पाकीट दिलं तरी पोचतं. मी स्वतः द्यायचा प्रयत्न करतो. तो एक दिवस मला आता घाटातल्या दिवसापेक्षा जास्त आवडतो. गेल्या वर्षी एका काकांनी प्रिंट हातात घेतली, धोतराला पुसली, परत बघितली आणि न बोलता टोपीत घडी करून ठेवली.

सासवडची_लेक, मुक्कामाबद्दल तुमचं पूर्ण मान्य. मी ते वेगळं काढून बघितलंच नव्हतं.

हरिपाठ

मी फोटोवाला नाही, चालणारा आहे. चौदावी वारी आहे यंदा.

आम्हाला खरा त्रास चेहऱ्याच्या फोटोचा होत नाही. दिंडीसमोर उलटं चालत फोटो काढतात, त्याचा होतो. चार-चारच्या ओळी असतात, पावली खेळताना पाऊल मृदंगावर पडतं. मध्ये एक माणूस पाठीमागं न बघता चालत आला की पहिली ओळ अडते, मागच्या पाच ओळी एकमेकांवर येतात. विणेकऱ्याला धक्का लागलेला मी पाहिलाय. बाजूनं चाला, वाटेल तेवढे काढा.

आता विचारण्याबद्दल. आमचे वडील बावीस वर्षं चालले. घरात त्यांचे फोटो म्हणजे लग्नातला, आधार कार्डावरचा आणि एक बैलांबरोबरचा. सगळ्यांत तोंड मिटलेलं. ते गेल्यावर सहा महिन्यांनी गावातल्या एका पोरानं मोबाईलवर फोटो आणून दाखवला. चांदोबाचा लिंब, वाटेतली रिंगणाची जागा. उभं रिंगण, म्हणजे दोन्ही बाजूंना वारकरी आणि मधून घोडा धावतो ते. घोडा पुढून गेलाय आणि वडील दोन्ही हात वर करून हसतायत. वरचा दात नाही तो दिसतोय. काढणाऱ्यानं विचारलं नसणार, घोडा धावत असताना कोण विचारतं? कुणी काढला ते आजतागायत कळलं नाही. तोच फोटो देवघराशेजारी लावलाय.

त्या माणसानं घाटवाट यांचा नियम पाळला असता तर आमच्याकडं हसरे वडील नसते.

करडी_छटा

हरिपाठ, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही लिहावंसंच वाटलं नाही.

तरी एक मुद्दा राहिलाय, तो मांडते. विचारणं-न विचारणं यापेक्षा आपण काय टिपतो याची मला जास्त काळजी वाटते. वारीच्या स्पर्धांमधले फोटो बघा. सुरकुत्या, भेगाळलेल्या टाचा, डोळ्यांतलं पाणी, फाटकी छत्री. सगळं काळं-पांढरं, कॉन्ट्रास्ट इतका वाढवलेला की चामडी झाडाच्या सालीसारखी दिसावी. पण दिंडीत तरुण पोरी फुगड्या घालतात, बायका एकमेकींच्या खोड्या काढतात, कुणी तंबूत बसून हिशेब लिहीत असतं, कुणी मोबाईल चार्जिंगला लावण्यासाठी भांडत असतं. ते कुणी लावत नाही, कारण त्याला बक्षीस नाही. हरिपाठ यांच्या वडिलांचा फोटो खरा आहे तो याच कारणानं, ते हसतायत.

मी दोन वर्षं झाली, वारीत काळं-पांढरं बंद केलंय. जेजुरीत पालखीवर भंडारा उधळतात तेव्हा तो पिवळा रंग काढून टाकायचा म्हणजे काय उरलं? (एक सांगून ठेवते, भंडाऱ्यात लेन्स बदलू नका. हळद सेन्सरवर गेली की घरच्या ब्लोअरनं निघत नाही. पावसात भिजलेली लेन्सही बॅगेत तशीच कोंबू नका, दिवाळीपर्यंत आत बुरशीची जाळी दिसायला लागतात.)

तिसरा_डोळा

करडी_छटा, सुरकुत्यांबद्दल शंभर टक्के. माझ्याही जुन्या रोलमध्ये टाचाच टाचा आहेत.

हरिपाठ यांच्या अनुभवावरून माझं मत आणखी पक्कं झालं. रिंगणात एक हजारांश सेकंदाला शटर ठेवून घोड्यावर फोकस करत बसतात सगळे. घोडा दरवर्षी तोच येतो. त्याच्या मागं उभ्या माणसाचा तो चेहरा एकदाच येतो, आणि तो विचारून मिळत नाही.

पण एक कबूल करतो. त्या फोटोग्राफरला कधीच कळणार नाही की त्याचा फोटो एका देवघराशेजारी लागलाय. तो त्याच्या हार्ड डिस्कमध्ये कुठंतरी पडून असेल, कदाचित घोडा नीट आला नाही म्हणून बाजूला टाकलेला. माझ्या निगेटिव्हांच्या पाकिटांत असे किती जण असतील? पाटीचा फोटो काढायची युक्ती मला कधी सुचली नाही. यंदा करून बघतो. विचारणार मात्र नाही, काढल्यावर दाखवीन.

सासवडची_लेक

काढल्यावर दाखवा आणि "नको" म्हटलं तर समोरच पुसून टाका. मग माझी काही हरकत नाही. मुक्कामावर मात्र आधीच विचारायचं, आणि उजाडायच्या आत कॅमेरा बाहेर नाही. यात मी तडजोड करणार नाही.

रविवारचा_भटक्या

पाटीची युक्ती सोपी आहे. मुलीला घेऊन येईन म्हणतो यंदा, पाटीचे फोटो तिच्याकडं सोपवतो.

घाटवाट

हरिपाठ, तुम्ही लिहिलंत त्याला माझ्याकडे उत्तर नाही. चालत्या दिंडीत, रिंगणात विचारता येत नाही हे मान्य. मुक्कामावर, विसाव्यावर, बसलेल्या माणसाला विचारायचं, यावर मी अजून ठाम आहे.

तुम्ही इथं आहात म्हणून एक विचारतो. नियम सुरू करायच्या आधीच्या दोन वर्षांतले चौदा फोटो माझ्याकडे तसेच आहेत. प्रिंट काढून ठेवल्यात, द्यायच्या कुणाला ते माहीत नाही. त्यातल्या एकात एक आजोबा विसाव्याला ट्रकच्या चाकाला टेकून नातवाला टाळ कसा धरायचा ते शिकवतायत. वर पाटी आहे, पण आकड्यातला फक्त १ दिसतो, पुढचं ताडपत्रीखाली गेलंय. गावाच्या नावाचं शेवटचं अक्षर 'णी' आहे.

हरिपाठ

पाटीवर "रथामागे" असं काही दिसतंय का बघा. दिसत असेल तर पुढच्या सत्तावीस सुटल्या, शोधायला सोपं. आणि ट्रकचा रंग सांगा, ताडपत्री निळी का पिवळी तेही. आमच्या मागंपुढं 'णी'वाली दोन गावं चालतात. प्रिंट घेऊन सासवडला या, दुसऱ्या दिवशी दुपारी सोपानकाकांच्या देवळापाशी. आपण दोघं जाऊन विचारू.