भिंतींआधी स्लॅबकडे बघा

नवं घर उन्हाळ्यात थंड कसं ठेवायचं, असं तुम्ही विचारलंय, आणि त्यावर कुणीतरी चौदा इंची भिंती बांधा म्हणजे घर थंड राहील, असं सुचवलंय. पश्चिमेच्या भिंतीपुरतं पटतं, बाकी तीन बाजूंना तेवढा खर्च नको. अकोल्याकडे मे अखेरीस दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो, दक्षिणेच्या भिंतीला ऊन जेमतेम लागतं. सगळा मारा स्लॅबवर. आमच्या एकमजली घरात रात्री अकरालाही पंखा गरम हवाच खाली ढकलायचा.

मागच्या वर्षी मार्चमध्ये गच्ची झाडून-धुऊन चुन्याचे दोन हात मारले. कळीचा चुना रात्रभर भिजवला (भिजताना उकळतो, मुलांना लांब ठेवा), गाळून त्यात थोडा फेव्हिकॉल घातला. पहिला हात पाण्यासारखा पातळ दिसतो, म्हणून घाबरून जाड लावू नका, पापुद्रे सुटतात. वाळला की पांढराशुभ्र होतो. त्या उन्हाळ्यात झोपायच्या वेळेपर्यंत खोली निवायला लागली, हा फरक आईला सगळ्यात आधी जाणवला. पावसाळ्यात चुना धुपतो, दरवर्षी मारावा लागतो. तुमचं बांधकाम अजून व्हायचंय, तर गच्चीवर पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचं चायना मोझॅकच करून घ्या. उतार मात्र आधी नीट काढून घ्या.